वेगाच्या गाडीचं पेट्रोल कोण भरतं?



ज्यांचं शेत किंवा चहाची टपरी महामार्गाच्या कडेला आहे, त्यांनी ती गाडी नक्की पाहिली असेल. जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, दोनच माणसं बसतील एवढी, आणि दिसण्याआधी ऐकू येणारी. तिला स्पोर्ट्स कार म्हणतात. तिच्यात ज्वारीचं एक पोतं मावायचं नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना तर तिच्यात बसवणंच कठीण. गाडी निघून गेली की बायका म्हणतात, "हे लोक कामधंदा तरी काय करतात?" आणि उत्तरही आपणच देऊन टाकतो. बापाची इस्टेट असेल, नाहीतर दोन नंबरचा पैसा असेल.

काहींचं तसं असेलही. पण ही हौस जिथे वाढली, त्या अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये या वेड्या माणसांचे पोटापाण्याचे उद्योग पाहिले, तर ते आपल्या ओळखीचे निघतात. पहिलाच बघा, कोंबड्या.

कॅरोल शेल्बी हा अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला माणूस. १९४९ च्या सुमाराला त्याने ब्रॉयलर कोंबड्यांचा धंदा सुरू केला. पहिल्या बॅचला चांगला नफा झाला, हुरूप आला. मग रोग आला, पक्ष्यांच्या माना लुळ्या पडल्या, मर लागली आणि माणूस बुडाला. तुमच्यापैकी ज्यांनी पोल्ट्री केली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. कोंबडी मेली म्हणून खाद्यवाल्याची उधारी मरत नाही. या शेल्बीला गाडी पळवायचं वेड, पण स्वतःची शर्यतीची गाडी घ्यायला पैसा कुठला? तो दुसऱ्यांच्या गाड्या चालवायचा. एकदा कामावरून तसाच शर्यतीला गेला. अंगात शेतावर घालायचा पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख, बदलायला वेळ नव्हता. त्याच्या गाडीपेक्षा त्या कपड्यांचीच चर्चा जास्त झाली. मग त्याने तोच वेश पुढेही ठेवला. १९५९ साली फ्रान्समधली ल मान्स ही २४ तासांची शर्यत त्याने जोडीदाराबरोबर जिंकली, आणि १९६२ मध्ये स्वतःची कोब्रा नावाची गाडी बाजारात आणली. सांगाडा इंग्लंडचा, इंजिन अमेरिकेचं.

दुसरा पॉल न्यूमन. हा मोठा सिनेनट, त्यामुळे त्याच्या गाडीचे पैसे कुठून आले हे कोणी विचारणार नाही. पण त्याचा जोडधंदा आपल्या गटांसारखा होता. कोशिंबिरीवर घालायचं तेल आणि व्हिनेगरचं मिश्रण तो घरी करायचा आणि नाताळात शेजाऱ्यांना बाटल्या भरून द्यायचा. १९८२ साली एका लेखक मित्राबरोबर त्याने त्याची कंपनीच काढली. बाटलीवर आपलं तोंड छापलं आणि सगळा नफा दानधर्माला दिला. ल मान्सला तो दुसरा आला तेव्हा त्याचं वय ५४ होतं. आपल्याकडे या वयात माणसाला खुर्ची देतात.

पण यात एक मेख आहे. शेल्बीला आपली गाडी चालवायला देणारे मालक भेटले. बाईला कोण देणार? म्हणून बायकांच्या गोष्टीत नोकरी फार महत्त्वाची ठरते.

इंग्लंडची बिअ‍ॅट्रिस शिलिंग शिक्षणाच्या आधी एका बाईच्या हाताखाली वीज जोडणीचं काम शिकली. गावांमधून, घरांमधून वायरी टाकायचं काम. मग ती अभियंता झाली आणि सरकारच्या विमान संशोधन केंद्रात नोकरीला लागली. मोटारसायकलच्या शर्यतीत तिने ताशी १०० मैलांच्या वर वेग गाठला, पुढे नवऱ्याबरोबर मोटारीही पळवल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानं सूर मारून खाली आली की इंजिनात इंधन जास्त जायचं आणि ते बंद पडायचं. वैमानिकांच्या जिवाशी खेळ. शिलिंगबाईंनी १९४१ मध्ये पितळेची एक छोटीशी, मधे भोक असलेली चकती बसवून इंधनाला लगाम घातला. ती बसवायला बाई स्वतः विमानतळांवर फिरल्या. गाडीच्या वेडाने हाताला जे वळण लावलं, ते असं कामाला आलं.

आता जॅनेट गथ्री. हिच्याविषयी जरा सावकाश बोलायचं आहे.

जॅनेट अमेरिकेची. १९६० साली भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि विमानं बनवणाऱ्या कारखान्यात संशोधन अभियंता म्हणून रुजू झाली. पगारातून तिने जॅग्वार घेतली, तीही जुनी, वापरलेली. मेकॅनिकला द्यायला पैसे नव्हते, म्हणून इंजिन स्वतः खोलून स्वतः जोडायला शिकली. आठवडाभर कारखाना, सुट्टीला शर्यत. जोवर पगार चालू होता, तोवर गाडीचा खर्च पगाराच्या आत बसत होता.

१९७२ पर्यंत तिने पूर्णवेळ शर्यतींना वाहून घेतलं. हौसेचं काम झालं आणि हिशेब उलटला. शर्यतीच्या गाडीचं टायर, इंजिन, वाहतूक, सगळं महाग. पुरुष चालकांना कंपन्या पैसे देत, त्याला प्रायोजक म्हणतात. बाईला द्यायला कोणी पुढे येईना. हाती काही उरलं नाही. नवरा नाही, दागिना नाही, घर नाही, विमा नाही. असल्या वेळी, १९७६ साली, एका संघमालकाने तिला इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीसाठी बोलावलं. त्या मैदानात १९७१ पर्यंत बायकांना गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेत पाऊल टाकायलाही मनाई होती, हे लक्षात घ्या. पहिल्या वर्षी जमलं नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका मोठ्या शर्यतीसाठी तिला गाडी मिळाली, ती बँकेत अधिकारी असलेल्या एका बाईने घेतलेली. १९७७ मध्ये जॅनेट इंडियानापोलिसची शर्यत धावणारी पहिली महिला ठरली. १९७८ मध्ये एका तेल कंपनीचे पैसे मिळवून तिने स्वतःचा संघ उभा केला. शर्यतीच्या दोन दिवस आधी मनगट मोडलं. तिने ते कोणाला कळू दिलं नाही, आणि ३३ गाड्यांत नववी आली.

आता कंपन्या रांग लावतील, असं तुम्हाला वाटेल. लावली नाही. दोन वर्षांत पैशाअभावी तिचं शर्यतीत धावणं जवळजवळ संपलं. तिचं हेल्मेट आणि पोशाख आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. संग्रहालयाला तिची वस्तू हवी होती, प्रायोजकाला ती नको होती. मला विचाराल तर बाईने काही चुकीचं केलं नाही. पण पगार थांबला तेव्हा गाडी थांबली नाही, आणि मधला सगळा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर आला, हे खरं आहे.

हे सगळं सांगायचं कारण आपल्या गावात आहे. आपण म्हणतो, हौसेला मोल नाही. असतं बायांनो, आणि ते हप्त्याने फेडावं लागतं. किती गटांत असं होतं, तुम्हीच मनाशी मोजा. कर्जाच्या अर्जावर शेळीपालन लिहिलेलं असतं आणि पैसे मोटारसायकलच्या शोरूमला गेलेले असतात. सही आईची, किल्ली मुलाची. हप्ता चुकला की बैठकीत मान खाली घालून बसते ती आई.

पोराने गाडी घेऊ नये असं मी म्हणत नाही. पण बँकेच्या वाहनकर्जात गाडीच तारण असते, फिटेपर्यंत आरसी बुकावर बँकेचं नाव राहतं. थकलं तर बँक गाडीकडे बघते. गटाचं कर्ज बिनतारणी असतं, थकलं तर सगळ्या जणी एकमेकींकडे बघतात. शेळ्या घेतल्या असत्या तर त्यांनी हप्ता दिला असता. दाराशी उभी गाडी फक्त पेट्रोल मागते. म्हणून मुलाला आधी विचारा, हप्ता तुझ्या कुठल्या कमाईतून? शेल्बीसारखं दुसऱ्याच्या गाडीवर हात बसवता येतो, जॅनेटसारखी जुनी घेऊन दुरुस्त करता येते.

आणि हौस फक्त पोराचीच असते का? सायकल, स्कूटी शिकायची राहून गेलेल्या कितीतरी जणी आत्ता रेडिओ ऐकत असतील. मुलाच्या मोटारसायकलला घर हौस म्हणतं, आईच्या स्कूटीला उधळपट्टी. बाजाराला, दवाखान्याला, गटाच्या बैठकीला स्वतः जाणाऱ्या बाईची स्कूटी वर्षाला किती रिक्षाभाडं वाचवते, याचा हिशेब एकदा मांडा. मग ठरवा.

पुण्याच्या डायना पुंडोले शिक्षिका आहेत, दोन मुलांच्या आई आहेत. २०२४ साली चेन्नईजवळच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेच्या सलून गटात त्या अजिंक्य ठरल्या. राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

तुमच्या गटात गाडीसाठी कर्ज दिलं गेलं असेल, आणि ते फिटलं किंवा अडकलं असेल, तर आम्हाला लिहून कळवा. नावं जाहीर करणार नाही. पुढच्या आठवड्यात याच वेळेला त्या पत्रांवर बोलू. नमस्कार.