शेजारच्या स्विचचे नाव विचारा
(विभागातील तंत्रसाहाय्यकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



एका कार्यालयातील प्रसंगाने आरंभ करतो. अनेक आभासी यंत्रे एकाच पाठीवर वाहणारा तेथील यजमान संगणक दोन केबलींनी दोन निरनिराळ्या स्विचना जोडलेला आहे, असे आराखड्यात दाखविले होते. त्या भरवशावर आम्ही एक स्विच दुरुस्तीसाठी बंद केला आणि त्या संगणकावरील सारी यंत्रे एकदम मूक झाली. दाखल्यांसाठी खिडकीपुढे आलेली माणसे दुपारपर्यंत ताटकळली. दुसरी केबलही कोणीतरी त्याच स्विचमध्ये खोचली होती. आराखडा मात्र जुनाच राहिला होता. केबल खोचणाऱ्याचा दोष जेवढा, तेवढाच खातरजमा न करता स्विच बंद करणाऱ्या आमचाही.

ही खातरजमा स्विचकडूनच करून घेता येते. सिस्को कंपनीचे स्विच आपले नाव व पोर्टचा क्रमांक सामान्यतः दर ६० सेकंदांनी शेजाऱ्यास कळवितात. या पद्धतीस सीडीपी म्हणतात. कोणत्याही एका कंपनीचे नसलेले एलएलडीपी हे मानक आयईईई या संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही केबलींवर एकाच स्विचचे नाव आले असते, तर आमची चूक एका मिनिटात उघड झाली असती. एक सावधगिरी मात्र हवी: सीडीपी न जाणणारा साधा स्विच मध्ये असेल, तर तो निरोप तसाच पुढे सरकवितो आणि पलीकडचा स्विच शेजारी असल्याचा भास होतो.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय प्रणालीतील साधा आभासी स्विच केवळ सीडीपी जाणतो, आणि मूळ मांडणीत तो फक्त ऐकतो, स्वतः बोलत नाही. एलएलडीपीसाठी वितरित आभासी स्विच लागतो. ही सोय २०११ च्या पाचव्या आवृत्तीपासून आली. तेव्हा साधा आभासी स्विच आणि केवळ एलएलडीपी बोलणारा बाहेरचा स्विच अशी जोडी असेल, तर माहितीचा रकाना रिकामाच राहणार. तो बिघाड नव्हे. अशा वेळी केबली बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत! इंटेलच्या एक्स७१० कार्डाची तऱ्हा आणखी निराळी: त्याच्या अंतर्गत प्रणालीतील एलएलडीपीचा हस्तक आलेले निरोप स्वतःच गिळतो; ते यजमानापर्यंत पोहोचतच नाहीत. तो हस्तक ड्रायव्हरच्या मांडणीतून बंद करावा लागतो.

सर्वांत फसवा बिघाड असा. दिवा पेटलेला, शेजाऱ्याचे नावही बरोबर, तरी काही आभासी यंत्रे चालतात आणि काही चालत नाहीत. मूळ मांडणीत यंत्रे दोन्ही केबलींवर वाटली जातात. एका पोर्टवर आवश्यक तो व्हीलॅन क्रमांक अनुज्ञात नसेल, तर त्या केबलीच्या वाट्याची यंत्रे अडकतात. केबलीतील जोडणी शाबूत असल्याने यजमान त्यांना दुसरीकडे हलवीत नाही; तो केवळ दिवाच पाहतो. शेजाऱ्याचे निरोप या क्रमांकांच्या बंधनात नसल्यामुळे ते बिनदिक्कत येत राहतात. म्हणून दोन्ही पोर्टांवरील अनुज्ञात क्रमांकांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. एखादा आकडा हमखास गळालेला सापडतो.

जाता जाता एक सूचना. जनतेच्या वापराच्या पोर्टांवर ही घोषणा बंदच ठेवावी. स्विचचे नाव व जात परक्याला सांगण्याचे कारण नाही.

आता शेजारच्या दालनातील यंत्राकडे वळू. त्याची दुसरी केबल मी मुद्दाम चुकीच्या पोर्टमध्ये ठेविली आहे. केबलीला हात न लावता ती कोणत्या पोर्टमध्ये आहे, ते आपण मला सांगावे.