मोटारीची आंघोळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



विषय ऐकून काही जणी हसल्या. भजनाच्या आणि हळदीकुंकवाच्या मंडळात मोटार कुठून आली, असे त्यांना वाटले असेल. पण आज आपल्यापैकी कितीतरी जणींच्या दारात चारचाकी उभी आहे आणि तिचा हप्ता घरखर्चातूनच जातो. ज्या वस्तूत घरचा एवढा पैसा अडकला, तिची निगा बाईला ठाऊक असलीच पाहिजे.

माझे माहेर दर्यापूरकडचे, म्हणजे खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या काठाने अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. तिथे विहिरीचे पाणी खारट. माझा भाऊ त्याच पाण्याने रोज सकाळी मोटार धुवी आणि तशीच उन्हात वाळू देई. काही पावसाळ्यांत दारांच्या खालच्या कडा पापडासारख्या फुगल्या. नख लावले की पोपडा सुटे आणि खालून तांबडा भुगा गळे. भाचीच्या लग्नासाठी मोटार विकायला काढली, तेव्हा गिऱ्हाइकाने दाराखालून हात फिरवला आणि निम्मीच किंमत सांगितली. भाऊ आळशी असता तर एवढे वाईट वाटले नसते. तो रोज राबला, पण चुकीच्या रीतीने.

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. त्यात मीठ असले की तो झपाट्याने वाढतो. पत्र्याचे रक्षण करतो तो रंग. अस्तर, रंग आणि वरचा पारदर्शक थर मिळून त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. एवढ्या पातळ कातडीला काथ्याने घासून कसे चालेल?

तेव्हा रीत ऐका. मोटार सावलीत घ्यावी व पत्रा निवू द्यावा. आपल्याकडची काळी माती कोरड्या फडक्याने कधीही पुसू नये, तिचे कण रंगावर ओरखडे काढतात. आधी नुसते पाणी ओतून धूळ वाहू द्यावी. मग टपापासून खाली येत मऊ फडक्याने धुवावे. एका बादलीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळायला साधे पाणी. चाके शेवटी, आणि त्यांचे फडके वेगळे. कपड्यांचा सोडा किंवा भांड्यांची पावडर वापरू नये, ती रंगावरचे मेण काढून टाकते. मोटारीसाठी मिळणारा सौम्य साबणच घ्यावा. शेवटी लगेच कोरडे पुसावे, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग बसतात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी यासाठी घेऊ नका, त्यात क्षार अधिकच असतात. पन्हळीचे साठवलेले पावसाचे पाणी मात्र उत्तम.

पाखरांची विष्ठा आणि झाडाचा चिकटा त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढावा. उन्हाळ्याच्या तापत्या पत्र्यावर तो रंगात मुरतो. दसऱ्याला वाहिलेले ओले हळदकुंकूही दुसऱ्या दिवशी धुऊन टाकावे, त्याने पूजेचे पुण्य कमी होत नाही! पावसाळा संपला की मडगार्डच्या आतला चिखल काढावा आणि दारांच्या खालच्या कडेची पाणी निघण्याची बारीक छिद्रे काडीने मोकळी करावी. भावाच्या मोटारीत हीच छिद्रे बुजली होती. दारात शिरलेले पाणी आतच साचत राहिले. वर्षातून तीनचार वेळा मेण लावावे, आणि ओरखडा पत्र्यापर्यंत गेला असेल तर तो लगेच रंगवून घ्यावा.

अजून एक सांगते. मोटार नाल्यात किंवा नदीवर नेऊन धुऊ नका. तेल आणि वंगण त्याच पाण्यात जाते, जिथे खालच्या गावची गुरे पाणी पितात. नळाची नळी सोडून ठेवण्यापेक्षा दोनतीन बादल्यांत काम होते. 1935 साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या माळावर आश्रम उभारला आणि ग्रामसफाईला प्रार्थनेइतकाच मान दिला. आपली मोटार चकचकीत आणि गावचे पाणी घाण, ही सफाई या भूमीत शोभणार नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूपहळदीने शेकतो. वर्षभर ओझे वाहणाऱ्याची ती कृतज्ञता आहे. आज ओझे मोटार वाहते. तिचे खांदे म्हणजे तिच्या दारांच्या कडा. घरी गेल्यावर तेवढ्या खालून हात फिरवून पाहा.

जय गुरु!