एक व्यवस्थापक, दोन संघ



कामगार चळवळीतला माणूस खेळावर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु आजचा प्रश्न खेळातला असला तरी तो न्यायाचा आहे, म्हणून आम्ही येथे उभे आहोत. इंटरनेटवर क्रीडासंघ चालविण्याचे जे खेळ आहेत, त्यांत एका माणसाला दुसरा संघ चालवू द्यावा की नाही, हा तो प्रश्न.

ज्यांना हे खेळ ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी एक उदाहरण घेऊ. १९९७ साली स्वीडनमध्ये ‘हॅटट्रिक’ नावाचा फुटबॉलचा खेळ सुरू झाला. त्यात चेंडूला पाय लावायचा नसतो. आपण संघाचे व्यवस्थापक व्हायचे. खेळाडू घ्यायचे, विकायचे, त्यांच्या सरावाची दिशा ठरवायची, जमाखर्च राखायचा. सामना संगणक लावतो. आठ संघांचा एक गट, चौदा सामने, सोळा आठवड्यांचा हंगाम. खेळाडूंची खरेदीविक्री लिलावाने होते आणि त्यात देशोदेशीचे लोक बोली लावतात.

अशा खेळांचा मूळ नियम एका माणसाला एक संघ असाच असतो. तो का? समजा, एकाने चोरून दोन संघ काढले. पहिल्याला पैसा हवा झाला की दुसऱ्याने त्याचा सुमार खेळाडू भरमसाट किमतीला घ्यायचा. दुसरा संघ बुडाला तरी त्या माणसाचे काही जात नाही. जाते ते गटातल्या बाकीच्या सात जणांचे, ज्यांनी महिनोन् महिने प्रामाणिकपणे संघ बांधला. आम्हां कामगारांना हा प्रकार नवा नाही. मालकाने स्वतःच उभी केलेली युनियन वाटाघाटीला बसली, की करार होतो, सह्या होतात, पण सौदा झालेला नसतो. सौद्याला दोन माणसे लागतात, आणि तेथे टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस बसलेला असतो.

खऱ्या मैदानावरही हे घडले आहे. १८९९ साली अमेरिकेत क्लीव्हलंड आणि सेंट लुई हे बेसबॉलचे दोन संघ, एकाच लीगमधले, रॉबिसन बंधूंच्या हाती होते. त्यांनी क्लीव्हलंडचे उत्तम खेळाडू, साय यंगसारख्या नामांकितासह, सेंट लुईला हलविले. त्या हंगामात क्लीव्हलंडने २० सामने जिंकले आणि १३४ गमावले. प्रेक्षक मैदानाकडे फिरकेनासे झाले. पुढच्या वर्षी तो संघ लीगमध्ये उरला नाही.

युरोपच्या फुटबॉल महासंघाने १९९८ साली नियम केला, की एकाच्या ताब्यातील दोन संघ एका स्पर्धेत नकोत. २०२५ साली इंग्लंडचा एफ. ए. चषक जिंकलेल्या क्रिस्टल पॅलेसला याच नियमाने युरोपा लीगमधून खालच्या स्पर्धेत जावे लागले. कारण त्याच्या एका प्रमुख भागीदाराचा फ्रान्सच्या ल्याँ संघावरही ताबा होता. उलट २०१९ साली मँचेस्टर सिटीच्या मालकगटाने आपल्या मुंबई सिटी संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला, तेव्हा असा पेच आला नाही. ते दोन संघ वेगवेगळ्या खंडांच्या स्पर्धांत खेळत होते. म्हणजे दोष दोन या आकड्यात नाही. एका फडात दोन्हीकडून खेळण्यात आहे.

दुसरा संघ मागणाऱ्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. वर्षानुवर्षे बांधलेला संघ मोडून नवा प्रयोग करण्याचे धाडस कोणाला होणार? शिवाय लहान देशांच्या लीगमध्ये माणसे थोडी असतात आणि रिकाम्या जागी संगणकाने चालविलेले निर्जीव संघ भरावे लागतात. तेथे कोणी हौसेने दुसरा संघ घेऊन आला, तर इतरांच्या खेळातही जीव येतो. आणि सरसकट बंदी घातली, की भावाच्या नावाने, मित्राच्या नावाने चोरवाट निघतेच. तिच्यावर पहारा करायचा तो बिनपगारी स्वयंसेवकांनी!

म्हणून आम्ही म्हणतो, परवानगी द्यावी, पण अटींवर. दोन्ही संघ एका लीगमध्ये नसावेत. त्यांच्यात खेळाडूंची देवघेव, सरळ किंवा तिसऱ्याच्या हातून, होऊ नये. दोन्ही संघ कोणाचे ते सर्वांना उघड दिसावे. चौथी अट आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. हॅटट्रिकमध्ये देशाच्या संघाचा प्रशिक्षक मतदानाने निवडतात. संघ दोन असोत की तीन, माणसाचे मत एकच राहिले पाहिजे. युनियनमध्ये दोन पाळ्या करणाऱ्याला आम्ही दोन मते देत नाही.

एक हरकत मात्र नोंदवतो. हॅटट्रिकने पुढे दुसऱ्या संघाची मुभा दिली, ती जादा वर्गणी भरणाऱ्यांना. खेळ चालविणाऱ्यांनाही पोट आहे. त्यांनी सोयींसाठी वर्गणी जरूर घ्यावी. पण मैदानातली दुसरी जागा पैशावर मिळू लागली, की ज्याच्या खिशात नाही तो एकाच संघावर अडकतो. काही हंगाम सचोटीने खेळलेल्या कोणालाही ती मिळावी, हे अधिक न्याय्य.

आपल्या घरची मुलेही असले खेळ मोबाईलवर खेळतात. त्यांना एकदा बसवून विचारा, की तुमच्या खेळात नियम कोण करतो आणि तो सर्वांना सारखा लागतो का? हा प्रश्न विचारण्याची सवय त्यांना पुढे कारखान्यात आणि कचेरीत उपयोगी पडेल.