साठी, बुद्धी आणि हृदय



मी वणीचा. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी आमचं गाव, आणि गावात अब्बांचं बांगड्यांचं दुकान. चैत्रात खानदेशातून पायी येणारे भाविक आमच्याकडे थांबत. अब्बा बाईचा हात नुसता पाहून माप सांगायचे, 'दोन-चार' की 'दोन-सहा'. ते कधी चुकले नाहीत.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. नाशिकला नेलं, जीव वाचला. पण हृदय अशक्त झालं. चालताना धाप लागे, पायांवर सूज येई. हे आम्हाला दिसत होतं. वर्षभरात मात्र हिशेब चुकू लागले. शंभराच्या नोटेवर पाचशेची मोड जाऊ लागली. गिऱ्हाईक भलं, पैसे परत आणून देई. आम्ही हसून म्हणायचो, साठी बुद्धी नाठी!

ही म्हण आम्हाला महागात पडली. एका रात्री अब्बांना झोपताच येईना, इतकी धाप लागली. गोळ्यांची पाकिटं तपासली, तर लघवी होण्याची गोळी आठवडाभर घेतलेलीच नव्हती, आणि रक्त पातळ करणारी दोन-दोनदा गेली होती. 'खाल्ल्या ना मी,' असं ते रोज सांगत. मी त्यांच्यावर ओरडलो. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं.

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण एकूण प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. पंपच मंदावला की वरच्या वाफ्याला पाणी कमी पडणारच. रक्तदाब आणि मधुमेह मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतात. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते. आणि विसरण्यामुळे औषध चुकलं की हृदय आणखी खचतं. असं हे चक्र आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली सांगितलं, की रक्तदाब, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, तंबाखू, बहिरेपण अशी चौदा कारणं आवरली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येईल.

शिवाय प्रत्येक विसरणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉइड, बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, रक्तातलं सोडियम घटणं, मनाची उदासी यांनीही डोकं चालेनासं होतं, आणि यांवर उपचार आहेत. त्यासाठी तपासणी मात्र करायला हवी.

आमच्या अम्मीने तेव्हा बांगड्यांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे सात कप्पे केले, वारांची नावं लिहिली. गोळी समोर बसून द्यायची, असा घरात नियम झाला. धाप कमी झाली, अब्बांचं मनही थोडं थाऱ्यावर आलं. गेलेलं सगळं परत आलं नाही. पुढे कधी कधी ते माझं नावही विसरत. पण शेवटच्या आजारात सलाईन लावायला आलेल्या नर्सचा हात पाहून हळूच म्हणाले, 'दोन-चार.'

अब्बा आज नाहीत. ते वर्षभर आम्ही हसण्यावारी नेलं, याची बोच आहे. म्हणून सांगतो, घरात हृदयविकाराचं माणूस असेल तर डॉक्टरांकडे त्याला एकटं पाठवू नका. ते 'बरं आहे' म्हणून परत येईल. सोबत जा, आणि छातीबरोबर विसरण्याचंही सांगा. हिशेब चुकतो, वाट चुकते, गोळी चुकते, हे सांगा. मनानं औषध बंद करू नका. आणि साठीची ती म्हण म्हणण्याआधी गोळ्यांचं पाकीट एकदा मोजून पाहा.