कोणती शाळा चांगली?



जूनचा शेवटचा आठवडा जवळ आला की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन कामांची घाई सुरू होते. शेतात धानाचे पऱ्हे टाकायचे असतात आणि पोरांची नावं शाळेत घालायची असतात. ऊन लक्षात घेऊन विदर्भातल्या शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा उघडतात, म्हणजे विचाराला आपल्याला चार दिवस जास्तच मिळतात. तरीही एक प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. कोणती शाळा चांगली?

मी टपाल खात्यात नोकरी करते. २०१७ साली बदली होऊन लाखनी तालुक्यातल्या एका गावी आले, तेव्हा माझी मुलगी पहिलीत जायची होती. जाण्यायेण्याच्या अंतरात जिल्हा परिषदेच्या तीन शाळा होत्या. खात्यातली सवय, म्हणून मी एक वही केली. पानाच्या एका बाजूला ‘कागद काय म्हणतो’ आणि दुसऱ्या बाजूला ‘लोक काय म्हणतात’.

पहिल्या शाळेचा कागद उत्तम होता. रंगवलेल्या भिंती, लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर, दारावर आयएसओ मानांकनाची पाटी आणि शाळासिद्धीत वरची श्रेणी. दुसरी शाळा बाजाराच्या गावची, मोठ्या पटाची, शिष्यवृत्ती परीक्षेत मुलं चमकणारी. तिसरी दोन खोल्यांची. दोन शिक्षक, सतरा मुलं, श्रेणी मधली आणि मागे तलावाची पाळ.

लोकांचं मत मला पोस्टाच्या खिडकीवर फुकट मिळायचं. पहिली शाळा “एकदम भारी जी.” दुसरी “चांगली, पण गर्दी लय.” तिसरीबद्दल मात्र सगळ्यांचं एकच म्हणणं, “तिथं काय ठेवलंय? आज ना उद्या बंदच होणार.” मी पहिल्या शाळेत नाव घातलं.

पुढच्या दिवाळीपर्यंत, म्हणजे मुलगी दुसरीत असताना, माझ्या लक्षात आलं की तिला धडे तोंडपाठ आहेत, पण वाचता येत नाही. पुस्तकाचं पान झाकलं तरी ती ‘वाचत’ होती! चौकशी केली तेव्हा कळलं, वर्गशिक्षकाकडे दोन वर्ग होते आणि माहिती भरण्याची, अहवालांची कामं वेगळी. दोष एका माणसाचा नव्हता. पण श्रेणीच्या कागदावर यातलं काहीच दिसत नव्हतं.

त्याच सुमारास एक आजी नातीला घेऊन पोस्टात आली. सुकन्या समृद्धीचं खातं काढायचं होतं. मी अर्ज शोधत होते, तेवढ्यात त्या पोरीनं भिंतीवरची जाहिरात वाचायला सुरुवात केली. मोठी अक्षरं संपल्यावर खालची बारीक अक्षरंही तिनं सोडली नाहीत. ‘दहा वर्षांखालील मुलीच्या नावे’ इथपर्यंत आली आणि आजीला म्हणाली, “आजी, मी नऊची आहे, चालते.” मी विचारलं, “कोणत्या शाळेत गं?” ती तिसऱ्या शाळेतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी त्या शाळेत गेले. गुरुजी चौथीच्या मुलाकडून वाचून घेत होते. पोरगा ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाला. आपल्या झाडीबोलीत ‘ण’ नाहीच, घरात सगळे ‘पानी’च म्हणतात. गुरुजींनी त्याला थांबवलं नाही. वाक्य संपल्यावर म्हणाले, “घरी पानी, पुस्तकात पाणी. दोन्ही आपलेच.” पोरगा हसला आणि पुढे वाचू लागला. हे कोणत्या रकान्यात लिहायचं, श्रोतेहो?

आता कागदाची बाजूही न्यायानं सांगते. शाळासिद्धी हा उपक्रम २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठानं आखला. त्यात सात क्षेत्रं आणि ४६ मानकं आहेत. शाळेनं आधी स्वतःला तपासायचं, मग बाहेरच्यांनी तपासायचं. हेतू हा, की आपण कुठं कमी पडतो ते शाळेला कळावं. पालकांनी क्रमांक लावून शाळा निवडावी म्हणून तो नाही. आपण मात्र शाळेच्या आरशाला दुकानाची पाटी समजतो. दुसरं नाव ऐकू येतं ते ‘असर’चं. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून ही पाहणी होते. प्रत्येक जिल्ह्यातली तीस गावं, गावातली वीस घरं, आणि मुलाला घरीच वाचायला, गणित करायला सांगतात. त्यातून जिल्ह्याचं चित्र दिसतं. तुमच्या गावच्या शाळेचं नाव त्यात नसतं.

मग लोकांच्या अनुभवावर जावं का? अनुभव मोलाचा खराच. एका बाईनं मला सांगितलं, “त्या शाळेच्या वाटेवर नाला आहे. ऑगस्टात पूर आला की पोरगं अलीकडं अन् शाळा पलीकडं.” दुसरी म्हणाली, “रोवणीला मी सकाळी सातला निघते. शाळा दहाला. मधले तीन तास पोट्टे कुठं ठेवू? तिसऱ्या शाळेतल्या बाई लवकर येतात, म्हणून तिथं घातले.” हे कोणत्याही तपासणीत सापडणार नाही. पण माझ्या वहीतली मतं नंतर पुन्हा वाचली तेव्हा एक गोष्ट खटकली. ‘तिथं काय ठेवलंय’ म्हणणाऱ्यांपैकी एकाचंही मूल त्या शाळेत नव्हतं. ते ऐकलेलं सांगत होते, आणि मी ते पुढे सांगत होते.

याचा परिणाम काय होतो ते सांगण्यासाठी थोडं मागे जाते. डिसेंबर २०१७ मध्ये राज्यातल्या दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळांतली मुलं जवळच्या शाळांत हलवण्याचा निर्णय गाजला. आमच्या या तिसऱ्या शाळेचा पट तेव्हा सतरा होता, म्हणजे तिला धोका नव्हता. तरी खिडकीवर बोलणं सुरू झालं, “आता हीपण जाणार.” त्या बोलण्यात मीही होते. २०१८ च्या जूनमध्ये पालकांनी भराभर दाखले काढले आणि पट आठवर आला. शाळा चांगली की वाईट हे कोणी पाहिलं नव्हतं. बंद होईल म्हणून मुलं काढली, आणि मुलं काढली म्हणून बंद होण्याची वेळ आली. पटावरच शिक्षकांच्या जागा ठरतात. आपण एक मूल काढतो तेव्हा मागे राहिलेल्या मुलांच्या शिक्षकाची जागाही हलवत असतो. आणि मागे कोण राहतं? ज्यांच्या घरी सायकल नाही, सोडायला माणूस नाही, ते.

म्हणून आज शाळा कशी पारखावी, याबद्दल माझ्या चुकांतून शिकलेलं थोडं सांगते. स्वातंत्र्यदिनी किंवा स्नेहसंमेलनात शाळा पाहू नका. साध्या दिवशी अकरा वाजता जा, मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. पहिल्या नंबरचं मूल नको, मधल्या बाकावरचं मूल निवडा आणि त्याच्या पुस्तकातला नाही असा चार ओळींचा मजकूर वाचायला द्या. शौचालय आहे का, एवढंच विचारू नका. ते उघडं आहे का, पाणी आहे का, ते पाहा. रोवणीच्या दिवसांत हजेरी किती पडते आणि गैरहजर मुलासाठी शाळा काय करते, हे विचारा. अनुभव विचारायचा तर ज्यांचं मूल आज त्या शाळेत आहे, त्यांनाच विचारा.

आणि शाळेत नाव घातल्यावर पारख संपत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असावे लागतात, आणि समितीत निम्म्या महिला. ही समिती चहाची नाही. मी मुलीच्या शाळेच्या समितीत गेले. पहिल्या सभेत एकच प्रश्न मांडला, “दुसरीतल्या किती मुलांना वाचता येतं?” कोणाजवळ आकडा नव्हता. दोन महिन्यांनी होता. रोज पहिला अर्धा तास वाचनाचा ठरला. त्याच शाळेत, त्याच शिक्षकांकडे, माझी मुलगी तिसरीत वाचू लागली. म्हणजे ती शाळा वाईट नव्हती. तिला विचारणारं कोणी नव्हतं.

तिसऱ्या शाळेचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या पाच-सहा आया उन्हात घरोघर फिरल्या. सोबत मुलं नेली आणि प्रत्येक दारात त्यांच्याकडून वाचून दाखवलं. चार नावं परत आली. शाळा आजही सुरू आहे. तळ्याच्या पाळीवरून जाताना मुलांचा आवाज ऐकू येतो.

माझी वही अजून आहे. ‘कागद काय म्हणतो’ आणि ‘लोक काय म्हणतात’ याच्यापुढे मी नंतर तिसरी रेघ ओढली, ‘मी काय पाहिलं’. खिडकीवर कोणी शाळेविषयी विचारलं तर आता मी त्याच रकान्यातलं सांगते. त्यात काही नसेल तर म्हणते, “जाऊन पाहा जी, अन् मलाही सांगा.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)