भिंत कुठे घालायची?

हातावर ऑर्सिन रंगाचे डाग घेऊन आयुष्य काढलेल्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींनो,

या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. अध्यक्षाने अनुदानावर आणि रिक्त पदांवर बोलावे अशी रीत आहे. त्यांचे ठराव दुपारी होतीलच. मी एका भिंतीबद्दल बोलणार आहे.

कांद्याचे मूळ आपण सगळ्यांनी दाबले आहे. मुळांची टोके कापायची, आम्लात ऊन करायची, रंगवायची आणि कव्हरस्लिपवर अंगठा ठेवायचा. मग विचारायचे, विभाजनाची अवस्था कोणती? ‘मेटाफेज’ असे उत्तर आले की गुण. एकदा एका मुलीचा हात हलका पडला आणि तिच्या स्लाइडवर पेशींच्या रांगा जशाच्या तशा राहिल्या. डोळा न काढता तिने विचारले, “सर, नव्या भिंती सगळ्या आडव्याच का?” अभ्यासक्रमात नाही, असे सांगून मी वेळ मारून नेली. ते उत्तर आज देतो.

प्राण्याची पेशी प्रसंगी सरकून जागा बदलते. वनस्पतीची पेशी मात्र शेजारणीला कायमची जोडलेली असते. एकदा भिंत पडली की ती जन्माची. म्हणून ती कुठे पडते यावर मुळाचा, पानाचा, खोडाचा घाट बराचसा ठरतो.

दोन भावांची वाटणी डोळ्यांपुढे आणा. घर चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद आणि वाटे समान हवेत. मधली भिंत लांबीत घातली तर चाळीस फुटांची, रुंदीत घातली तर विसाची. गवंडी कोणती सुचवेल हे सांगायला नको. त्या मुलीच्या रांगेतल्या पेशी मुळाच्या दिशेने लांबट होत्या, आणि त्यांनी गवंड्याचेच ऐकले होते.

हे प्रथम नियमाच्या रूपात मांडले वनस्पतिशास्त्रज्ञ हॉफमायस्टरने, 1863 मध्ये: नवी भिंत वाढीच्या दिशेला काटकोनात पडते. पुढे झाक्सने समान वाट्यांचा आणि जुन्या भिंतीशी काटकोनाचा मुद्दा जोडला. 1886 मध्ये बेल्जियमच्या लिओ एरेराने ही गोष्ट साबणाच्या फेसाशी नेऊन भिडवली. कोवळी भिंत साबणाच्या पडद्यासारखी वागते आणि कमीत कमी क्षेत्रफळात काम भागवते, असे तो म्हणाला.

पण पेशीजवळ मोजपट्टी कुठून आली? मोठ्या रिक्तिकेच्या पेशीत विभाजनापूर्वी केंद्रक मधोमध येते आणि पेशीद्रवाच्या दोऱ्यांवर टांगलेले राहते. त्या दोऱ्यांत सूक्ष्मनलिका असतात. त्या कडेपर्यंत पोहोचतात आणि जिथे अंतर कमी, तिथे त्यांची पकड टिकते. मग कडेला सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा उमटतो. पिकेट-हीप्स आणि नॉर्थकोट यांनी तो 1966 मध्ये गव्हाच्या पेशींत दाखवला. पाया खणण्यापूर्वी आपण फक्की टाकून रेघ आखतो, तसा हा पट्टा. गंमत अशी की गुणसूत्रे वेगळी होण्याआधीच तो पुसला जातो आणि मधून कडेकडे वाढत जाणारी नवी भिंत तरीही नेमकी त्याच जागी येऊन टेकते.

पेशी जवळजवळ चौरस असेल तर? तेव्हा आडवी भिंत आणि उभी भिंत सारख्याच किमतीची. 2011 मध्ये बेसाँ आणि ड्यूमे यांनी दाखवले की अशा वेळी एकच उत्तर नसते. लहान भिंतीची शक्यता जास्त, पण तिच्याहून किंचित मोठी भिंतही अधूनमधून निवडली जाते. एरेराचा नियम त्यांनी मोडला नाही, त्याला संभाव्यतेची जोड दिली.

आता अपवाद, कारण खरे शिक्षण तिथेच आहे. सागाच्या खोडातला कॅम्बियम घ्या. त्याच्या चातीसारख्या पेशी रुंदीच्या कितीतरी पट लांब असतात, आणि खोड जाड करताना त्या उभ्या, लांबीच्या दिशेने विभागतात. गवंड्याचा सल्ला इथे सपशेल धुडकावला जातो, आणि म्हणूनच लाकूड तयार होते. दुसरे उदाहरण मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसच्या भ्रूणाचे. आठ पेशींच्या सोळा होताना काही पेशी छोटी भिंत सोडून मोठी पत्करतात, आणि त्यातून बाहेरचा थर आतल्यापासून वेगळा होतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ऑक्सिन या संप्रेरकाचा संदेश रोखल्यावर त्याच पेशी मुकाट्याने छोट्या भिंतीकडे वळल्या. म्हणजे आकाराचा नियम पेशीत सदैव हजर असतो. जनुके गरजेपुरता त्याला बाजूला सारतात. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत मोलाची शिकवण आहे.

आपण मात्र मुलांना गुणसूत्रांचा नाच दाखवतो आणि भिंत पडण्याआधीच सूक्ष्मदर्शक झाकून ठेवतो. म्हणून दुपारच्या ठरावांत माझाही एक छोटा ठराव घ्यावा, ही विनंती. मूळ चिरडण्याऐवजी एकदा त्याचा उभा छेद घ्या. जर्नलमध्ये ‘अवस्था’ या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा: नवी भिंत कोणत्या दिशेने, आणि का? कांदा तोच, रंग तोच, खर्च काही नाही. आणि एखाद्या मुलाने असा प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर आपल्याला येत नाही, तर माझ्यासारखी वेळ मारून नेऊ नका.