‘नाही’ असे उत्तर देणारे प्रयोग



फिनलंडमधल्या पाच रुग्णालयांत काही वर्षांपूर्वी एक अजब नाटक रंगले. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, झिजून फाटलेले १४६ रुग्ण शस्त्रक्रियागृहात नेले गेले. दुर्बीण घालून प्रत्येकाचा सांधा तपासला. मग ज्याच्या वाट्याला जी चिठ्ठी आली त्याप्रमाणे निम्म्यांची फाटलेली गादी कापली, आणि उरलेल्यांच्या बाबतीत सर्जनने कापण्याचा नुसता अभिनय केला. हत्यारे मागितली, पाते नसलेले यंत्र वाटीवर टेकवून घरघर ऐकवली, वेळही तेवढाच घालवला. वर्षभराने पाहिले तर दोन्ही गटांचे दुखणे कमी झालेले, आणि तेही जवळपास सारखेच! २०१३ साली हा निष्कर्ष छापून आला तेव्हा जगभर अशा लाखो शस्त्रक्रिया दरवर्षी होत होत्या. अजूनही होतात.

पुनर्वसन आणि वेदना या क्षेत्रात असे नाटक करावे लागते, कारण इथे फसणे फार सोपे आहे. रुग्ण दुखणे शिगेला पोचल्यावर येतो, त्यानंतर ते बहुधा आपसूकच उतरते आणि श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. त्यात दुखणे मोजणारे यंत्र नाही. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली आपली १९७९ची व्याख्या बदलली, तेव्हा त्यासोबत हेही नोंदवले की दुखते असे माणूस सांगतो, तर त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. म्हणजे मोजपट्टी रुग्णाच्या तोंडी. उपचार करणाऱ्याचा उत्साह त्या मोजपट्टीला सहज वाकवतो.

फिजिओथेरपिस्टांच्या एका लाडक्या समजुतीचे काय झाले ते बघा. पक्षाघाताच्या रुग्णाला जितक्या लवकर आणि जितके जास्त उठवाल तितके बरे, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. ऑस्ट्रेलियातून सुरू झालेल्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीने पाच देशांतल्या ५६ रुग्णालयांत २१०४ रुग्णांवर ते तपासले. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निकाल उलटा होता. पहिल्या चोवीस तासांतच सुरुवात करून जास्त वेळा, जास्त वेळ हालवलेल्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी बऱ्या अवस्थेत होते, तर नेहमीची काळजी मिळालेल्यांपैकी ५० टक्के. रुग्णाला अंथरुणात लोळत ठेवा, असा याचा अर्थ मुळीच नाही. नेहमीच्या गटातलेही बरेच रुग्ण पहिल्या दिवसातच उठत होते. पुढच्या विश्लेषणात दिसले की थोडा वेळ पण वारंवार उठवणे चांगले, एकदाच दमवणे वाईट. उत्साहाचीही मात्रा असते म्हणायची.

याहून जिव्हारी लागावी अशी चाचणी आपल्या देशातली आहे. भारतात पक्षाघातानंतर फिजिओथेरपी परवडणारी आणि जवळ मिळणारी घरे थोडी; घरात माणसे मात्र असतात. मग पत्नीला, मुलाला, सुनेलाच शिकवले तर? ‘अटेंड’ चाचणीत १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण घेतले गेले. एका गटाच्या नातेवाइकांना रुग्णालयातच प्रशिक्षण दिले आणि ते घरी चालू ठेवायला सांगितले. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. कल्पना सुंदर होती, स्वस्त होती, आपल्या कुटुंबव्यवस्थेला साजेशी होती. तरीही ती चालली नाही. आरोग्यखात्यांनी चाचणीची वाट न पाहता ती राबवली असती, तर प्रशिक्षित थेरपिस्ट नेमण्याचा खर्च टाळायला एक छान सबब मिळाली असती, आणि सगळा भार सुनेच्या खांद्यावर गेला असता.

औषधांची गोष्ट थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्याच ‘ओपल’ चाचणीत (२०२३) नुकत्याच सुरू झालेल्या कंबर-मानदुखीवर ओपिऑइड गोळ्या सहा आठवड्यांनी बिनऔषधी गोळीहून सरस ठरल्या नाहीत. पण हा निकाल कर्करोगाच्या वेदनेला चिकटवू नये. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळे आपल्याकडे मॉर्फिन इतके दुर्मीळ झाले, की २०१४ साली कायदा दुरुस्त करावा लागला. एकीकडे नको तिथे गोळ्या, दुसरीकडे तळमळणाऱ्याला एक थेंब नाही.

दुर्मीळ गाठींच्या बाबतीत तुलना करायला रुग्णच कुठे मिळतात, असा आक्षेप नेहमी येतो. डेस्मॉइड ही गाठ दहा लाखांत वर्षाला जेमतेम चार-पाच जणांना होते. ती दूर पसरत नाही, पण स्नायूंत रुतते आणि विलक्षण दुखते. २०१८ साली सोराफेनिबच्या चाचणीत ८७ रुग्ण होते. औषध घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांची गाठ आकसली. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकीही २० टक्क्यांची! पूर्वी अशा किती गाठी घाईने कापल्या गेल्या असतील, याचा विचारच नको. आता निदान झाल्यावर बरेचदा आधी नुसते लक्ष ठेवतात. २०२३ साली आलेल्या निरोगासेस्टॅटच्या चाचणीत १४२ रुग्णांत गाठ आकसण्याच्या प्रमाणात ४१ विरुद्ध ८ टक्के असा खरा फरक दिसला, दुखणेही कमी झाले. मात्र मूल होण्याच्या वयातल्या चारपैकी तीन स्त्रियांच्या अंडाशयाच्या कामात बिघाड नोंदला गेला. सांध्याच्या अस्तरातल्या महापेशी गाठीवरच्या विमसेल्टिनिबच्या चाचणीतही (२०२४, १२३ रुग्ण) गाठीच्या आकारासोबत सांध्याची हालचाल, ताठरपणा आणि दुखणे मोजले होते. इथे कर्करोगतज्ज्ञ आणि पुनर्वसनतज्ज्ञ एकाच टेबलाशी बसतात.

मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयाने अशी तुलनेची चाचणी कमी खर्चात करून दाखवली. हातापायांच्या सार्कोमावर उपचार झालेल्या ५०० रुग्णांत त्यांनी छातीचा साधा एक्स-रे आणि सीटी स्कॅन यांची तुलना केली. एक्स-रेवर लक्ष ठेवलेल्यांचे जगणे कमी झाले नाही. आणि जागच्या जागी परत उद्‌भवलेल्या बहुतेक गाठी कोणाला सापडल्या? नीट शिकवलेल्या रुग्णांनाच, स्वतःच्या हाताने चाचपून. साताऱ्याहून किंवा यवतमाळहून रजा टाकून, गाडीभाडे खर्चून येणाऱ्या माणसाला या निष्कर्षाचे मोल कळते.

भारतात २००९पासून चाचणी सुरू करण्याआधी राष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद सक्तीची आहे. नोंद होते, निकाल ‘फरक नाही’ असा आला की मात्र पदव्युत्तर प्रबंध कपाटात जातो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या शहरातला विद्यार्थी तेच पुन्हा करतो. आपल्या संघटनेच्या कार्यकारिणीने पुढच्या अधिवेशनात एक पूर्ण सत्र अशाच प्रबंधांसाठी राखावे, ते जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वेळी न ठेवता सकाळी ठेवावे, आणि त्यात मार्गदर्शकांऐवजी विद्यार्थ्यांना बोलू द्यावे.